शटरचा आवाज ऐकून स्लो स्पीड तपासा

खानापूर-बेळगावकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेला पेंटॅक्स के-१००० किंवा तसला मेकॅनिकल कॅमेरा रोल भरण्याआधी ऐकून घ्या. लेन्स काढा, कॅमेरा रिकामाच ठेवा, स्पीड, म्हणजे शटर उघडं राहण्याची वेळ, १ सेकंदावर लावा, वाइंड करून (फिल्म पुढे सरकवायचा खटका ओढून) बटण दाबा. खट्, मग सलग घर्रर्र, मग पुन्हा खट्. ही घरघर दातेरी चाकांच्या गव्हर्नरची, म्हणजे शटरला आवरणाऱ्या यंत्रणेची. शटरचा पहिला पडदा उघडतो, दुसरा झाकतो; गव्हर्नर हा दुसरा पडदा अडवून धरतो. साधारण १/३० पासून खालीच तो कामाला लागतो, म्हणून १/५०० ठणठणीत असला तरी १/८ बिघडलेला असू शकतो.

घरघर मध्येच रेंगाळली, अडखळली, की बहुधा वंगण घट्ट झालेलं असतं. प्रत्येक स्लो स्पीड दहा-बारा वेळा उडवा. कधी तेवढ्यानंच मोकळा होतो. मग मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून दोन 'खट्'मधलं अंतर मोजा. १ सेकंदाऐवजी १.४ आलं तर अर्धा स्टॉप जास्त प्रकाश (एक स्टॉप म्हणजे दुप्पट): निगेटिव्ह फिल्मला चालतं, स्लाइड फिल्मला नाही.

शिलाई मशीनचं तेल मात्र सोडू नका. ते पडद्यांपर्यंत पसरतं, आणि दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीवर जातो. झोर्की-४ हा जुना सोव्हिएत कॅमेरा असेल तर आधी वाइंड, मगच स्पीड बदला.