घाटात गाडी बाहेर जाते? आधी उजवी मूठ बघा

वाई, महाबळेश्वर, पोलादपूर, महाड हा माझा कामाचा पट्टा. औषध कंपनीत एमआर आहे. १५० सीसीची मोटरसायकल, मागच्या सीटला बांधलेली सॅम्पलची बॅग आणि मधे आंबेनळी घाट. नवीन मुलगा लागला की सुरुवातीला तो माझ्या मागेमागे फिरतो, आणि बहुतेकांची तक्रार एकच असते, "सर, वळणात गाडी बाहेर ओढते." टायरला नावं ठेवून होतात, रस्त्याला ठेवून होतात. मी त्याच्या उजव्या मनगटाकडे बघतो, कारण रेस देणारी मूठ तिथेच असते.

वळणात गाडी कुठून जाणार हे दोन गोष्टी ठरवतात: ती किती झुकली आहे आणि किती वेगात आहे. ढोबळ हिशोब सांगतो. ३० अंश झुकलेली गाडी ताशी ४० किलोमीटरने साधारण २२ मीटर त्रिज्येचा गोल काढते. तेवढीच झुकवून ४५ ने गेलात तर त्रिज्या होते साडेसत्तावीस. काटकोनी वळण असेल तर बाहेर पडताना गाडी साडेपाच मीटर पलीकडे, आणि आपली लेन फार तर साडेतीन मीटरची. म्हणजे डाव्या वळणावर तुम्ही थेट समोरून येणाऱ्या एसटीच्या पुढ्यात, उजव्या वळणावर साईडपट्टीच्या खडीत. फक्त ५ किलोमीटरचा फरक. मनगटाला तो जाणवतही नाही.

दुसरी गोष्ट भाराची. मूठ पिळली की भार मागच्या चाकावर जातो, पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन शॉक-अब) वर उठतो आणि गाडी आत वळायला कां कूं करते. मूठ सैल केली की भार पुढे येतो, वेग उतरतो, गाडी आत येते. इथवर फायद्याचंच आहे. पण फटकन सोडलीत तर तो भार धक्क्याने येतो. पुढच्या टायरची पकड वळण्यातच खर्ची पडलेली असते. पावसाळ्यात, शेवाळलेल्या कडेला, तेवढा धक्का टायर सटकायला पुरतो. शिवाय झुकलेली गाडी अजून खाली बसते आणि फूटरेस्ट घासतं ते वेगळंच.

हे वाचून कळत नाही, करून बघावं लागतं. रविवारी एमआयडीसीतलं एखादं मोकळं आवार गाठा. मधोमध एक चप्पल ठेवा. दुसऱ्या गियरमध्ये, ताशी २० च्या आसपास, चपलेभोवती गोल फेऱ्या सुरू करा. झुकाव आणि हँडल आहे तसंच ठेवून मूठ नखभर पिळा. चप्पल लांब जायला लागेल. नखभर सैल करा, चप्पल जवळ येईल. डावीकडून झालं की उजवीकडून करा. उजवीकडे वळताना मनगट आपोआप दुमडतं आणि नको तेवढी रेस जाते, म्हणून बहुतेकांचा उजवा गोल वेडावाकडा येतो. मूठ स्क्रू ड्रायव्हर धरल्यासारखी तिरकी धरा, कोपर सैल सोडा. मग खड्ड्यात चाक आदळलं तरी हाताला हिसका बसून रेस वाढत नाही.

आता घाट. ब्रेक आणि गियर, दोन्ही कामं वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच उरकायची. वळणात शिरताना मूठ इतकीच उघडी ठेवायची की इंजिन गाडीला ओढतही नाही आणि अडवतही नाही. पुढचा रस्ता सुटलेला दिसेपर्यंत तिथेच थांबायचं. दिसला की गाडी जशी उभी होईल तशी मूठ उघडत न्यायची. झुकाव कमी, रेस जास्त. पोरं नेमकी उलटी वागतात: पुढचा रस्ता दिसायच्या आत रेस देतात आणि बस दिसली की सोडतात.

उजव्या वळणावर आणखी एक. चाकं आपल्या लेनमध्ये असली तरी झुकल्यावर डोकं मधल्या पट्टीच्या पलीकडे जातं. म्हणून डावीकडे राहून उशिरा आत या.

चढाला गाडी स्वतःच मंदावते, त्यामुळे आवळ वळणात रेस थोडी आधी लागते. कमी गियरमध्ये ती झटका देते, म्हणून मागचा ब्रेक पायाने किंचित दाबून ठेवा. झटका त्यात विरतो. उताराला मात्र रेस उतारच देतो. मूठ हलवली नाहीत तरी वेग वाढतो आणि गाडी बाहेर सरकते, म्हणून चढाला तिसऱ्यात घेतलेलं वळण उताराला दुसऱ्यात घ्या. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत. इंजेक्शनच्या गाडीत गियर टाकून मूठ मिटली की पेट्रोल बंद होतं. न्यूट्रलमध्ये उलट ते आयडलिंगला जळत राहतं. वर वळणात इंजिनाची पकडही नाही.

एवढं करूनही गाडी बाहेर चाललीच तर मूठ हळू मिटवा, आतल्या बाजूचं हँडल पुढे ढकला (डाव्या वळणात डावं) आणि नजर रस्ता जिथे निघतो तिथे लावा. कठड्याकडे बघितलंत की गाडी कठड्याकडेच जाते. क्लच दाबू नका.

घाटाला निघण्यापूर्वी मुठीची मोकळी चाल तपासा, साधारण २ ते ३ मिलिमीटर. त्याहून सैल असेल तर नखभर रेस देताच येत नाही: आधी काहीच नाही, मग एकदम हिसका. चेन सैल असली तरी तेच होतं. किती सैल चालेल ते बऱ्याच गाड्यांच्या स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर दिलेलं असतं. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी बघा, एके ठिकाणी बरोबर निघते आणि दुसऱ्या ठिकाणी लोंबते. मागे माणूस किंवा जड बॅग असेल तर पुढचं चाक आधीच हलकं असतं, तेव्हा रेस अजून उशिरा द्या. माझी बॅग मी महाडहून परतताना रिकामी असते, आणि तीच वळणं तेव्हा वेगळी लागतात.