जयंतीच्या सीझनला निघण्याआधी: बेसच्या तारा, डीआय आणि स्टेजवरचा करंट

एप्रिल लागला की मराठवाड्यात बेस गिटार वाजवणाऱ्याला झोप नसते. 14 एप्रिलची जयंती आपल्याकडं काही एका दिवसात संपत नाही, मे अर्धा होईस्तोवर आज जालना, उद्या परभणी, परवा नांदेडकडचं एखादं खेडं असं चालूच राहतं, मधेच लग्नाचं संगीत, मग गणपती, नवरात्र, आणि 14 जानेवारीला नामविस्तार दिनाला संभाजीनगर. आता नवीन पोरं बेस घ्यायला लागलीत ते बघून लै बरं वाटतं, पण बरेच जण पहिले पैसे अँपवर घालतात आणि वाजवतात गंजलेल्या तारांवर, लूज झालेल्या केबलवर. मी तर उलटं सांगीन. आपल्याकडच्या मैदानात तुझा बेस लोकांपर्यंत जातो तो साऊंडवाल्याच्या बिनमधून, म्हणजे खालच्या आवाजाच्या मोठ्या स्पीकरमधून, तुझा अँप पहिल्या रांगेच्या पुढं ऐकूच जात नाही. म्हणून आधी तारा, मग सेटिंग, मग स्वतःचा डीआय बॉक्स, म्हणजे बेसचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी डबी, अँपचं नंतर बघू.

तारांपासून सुरू करू. 34 इंच स्केलच्या (तारेची वाजणारी लांबी) चार तारी बेसला 45 ते 105 चा सेट (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) जवळपास सगळ्यांना चालतो. पाच तारी असला तर खालची बी 130 च्या आसपासची घे, पातळ बी निस्ती लटलट करते. राऊंडवाउंडमध्ये, म्हणजे वरून गोल तार गुंडाळलेल्या तारांमध्ये, स्टील आणि निकेल असे दोन प्रकार सगळीकडं मिळतात, स्टीलचा आवाज खणखणीत पण फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) लवकर झिजवतात आणि चार तासांच्या कार्यक्रमात बोटं सोलून निघतात, निकेल जरा मऊ. पहिला सेट घेणाऱ्यानं निकेलच घ्यावा. तिसरा प्रकार फ्लॅटवाउंड, वरून चपटी पट्टी गुंडाळलेली, हात फिरवला तर एकदम गुळगुळीत. आणि इथं माझं मत पक्कं आहे, ढोलकीच्या कार्यक्रमाला, भीमगीत असो, लोकगीत असो, फ्लॅटवाउंडसारखं दुसरं काही नाही. ढोलकीची शाई वर टणटण वाजत असते, ऑक्टोपॅड असतो, टाळ्या असतात, त्यात राऊंडवाउंडचा खर्र खर्र आवाज मिसळला की सगळ्याची कचकच होते. फ्लॅटचा आवाज खाली जाऊन बसतो आणि गाणाऱ्याला टेकायला जागा मिळते. मोटाउन या अमेरिकन कंपनीच्या 1960 च्या दशकातल्या रेकॉर्डवर जेम्स जेमरसन या बेसवाल्याचा जो बेस ऐकू येतो तो ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंडचा, आणि तो तार तुटल्याशिवाय बदलत नव्हता असं त्याच्याबद्दल सांगतात. फ्लॅटला ते चालतं, वर्षानुवर्षं जातात. राऊंडवाउंडच्या वेढ्यांच्या फटीत मात्र घाम आणि आपल्याकडची धूळ जाऊन बसते, आवाज मेल्यासारखा होतो आणि बाराव्या फ्रेटवर सूर पण बरोबर लागत नाही.

म्हणून सुती फडकं कायम बॅगेत ठेव, आणि कार्यक्रम संपला की तार वरून आणि खालून पण पूस, खालून कुणी पुसत नाही आणि मळ तिथंच जास्त असतो. लग्नात जेवून उठलं की साबणानं हात धुतल्याशिवाय बेसला हात लावू नको, तेलकट बोटांनी नवा सेट आठवड्यात जातो. जुन्या राऊंडवाउंड पाण्यात दहा मिनिटं उकळायची पण रीत आहे, काढून नीट वाळवल्या की थोडे दिवस परत चमकतात, मी केलंय, पैसे नसतील तेव्हा एक-दोनदा कर, पण ती तार परत नवी होत नाही आणि काढ-घाल करताना खुंटीजवळ तुटायची भीती असते.

नवा सेट कार्यक्रमाच्या दिवशी कधीच टाकायचा नाही, दोन-तीन दिवस आधी टाक. सगळ्या तारा एकदम सोडू नको, एक काढ, एक लाव, म्हणजे मानेवरचा ताण टिकून राहतो. तार खुंटीच्या पुढं चार बोटं जास्त ठेवून कापायची, पण कापायच्या आधी त्या जागी काटकोनात वाकव आणि वाकवल्याच्या पुढं काप, सरळ कापली तर वरचं वेढं आतल्या तारेवरून सुटतं आणि तार आयुष्यभर मंद वाजते. टोक खुंटीच्या मधल्या भोकात घालून दोन-तीन वेढे वरून खाली. मग सूर लावून तार हातानं वर ओढ, परत सूर लाव, असं चार-पाच वेळा, म्हणजे स्टेजवर उतरत नाही.

तारांचा प्रकार किंवा जाडी बदलली तर मानेचं सेटिंग बघावंच लागतं. पहिला फ्रेट आणि शेवटचा फ्रेट एकदम दाब, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमधली फट बघ, साधारण व्हिजिटिंग कार्ड जाईल इतकी पाहिजे. फट जास्त असली तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं एक अष्टमांश, फार तर पाव फेरा, मग थोडा वेळ ठेवून परत बघ. जोर लावू नको, रॉड फिरतच नसला तर जाणकाराकडं ने. आपल्याकडं मे महिन्यात चाळीस-बेचाळीस डिग्री कोरडं ऊन आणि लगेच पावसाळा, लाकूड हललंच म्हणून समज. उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागतात. उन्हात उभ्या बोलेरोत बेस कधीच ठेवू नको, चहाला उतरला तर बेस खांद्यावर घेऊन उतर. आणि परभणीकडं डिसेंबर-जानेवारीच्या रात्री इतकी थंडी पडते की खोलीत सूर लावून गेलास तर उघड्या स्टेजवर अर्ध्या तासात तारा चढलेल्या असतात, कारण थंडीत तार आकसते. ट्यूनर पेडल असल्याशिवाय अशा ठिकाणी जाऊच नये, आवाज बंद करून दोन गाण्यांच्या मधे सूर बघता येतो.

आता डीआय. गावाकडच्या मिक्सरवाल्याकडं डीआय असतोच असं नाही, ते साधी लांब केबल टाकून देतात. पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेला बेस तसा लाइन इनपुटला लावला तर पिकअपवर (तारेचा आवाज पकडणारा भाग) भार पडतो, आवाजातली धार जाते, वर लांब केबलमधून घरघर येते ती वेगळीच. पॅसिव्ह बेसला अ‍ॅक्टिव्ह डीआय बरा, त्याला मिक्सरमधून 48 व्होल्टचा फँटम पॉवर लागतो नाहीतर बॅटरी. अ‍ॅक्टिव्ह म्हणजे बॅटरीवाल्या बेसला साधा पॅसिव्ह डीआय पुरतो. बेस ते डीआय केबल तीन मीटरची, फार तर सहा, पुढं एक्सएलआर (माईकची तीन पिनांची केबल) कितीही लांब जाऊ दे. हमिंग यायला लागलं तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे फक्त सिग्नल केबलचं ग्राउंड तोडायचं, बटण दाब.

पण पिनेतला अर्थिंगचा जाड पाय काढून टाकायचा उद्योग कुणाला करू देऊ नको, हे मी हात जोडून सांगतो. एका गावात जनरेटरवर कार्यक्रम होता, अर्थिंग नव्हतंच, माझा अँप एका बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्यावर, तारांवर हात ठेवून कोरसला माईकला ओठ लागले आणि डोळ्यापुढं अंधारी आली. थोडक्यात वाचलो. तेव्हापासून स्वस्तातला टेस्टर खिशात असतो, स्टेजवर गेलो की पहिला माईकच्या जाळीला लावतो, मग तारांना. दिवा लागला तर वाजवत नाही, आयोजक रागावला तरी नाही. आणि स्टेजवरचा करंट मिक्सर जिथून घेतो त्याच बोर्डावरून मागून घेतो.

सुराचं एक सांगायचं राहिलं, नवीन पोरं इथंच फसतात. आपल्याकडं गाणारा काळी-पांढरीत सांगतो, काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. कीबोर्डवाला पुष्कळदा ट्रान्सपोज दाबून बसलेला असतो, तो म्हणतो सी वाजव आणि बाहेर निघत असतं काळी दोन. म्हणून बटण किती आहे विचार, नाहीतर त्याला सा दाबायला सांगून कानानं पकड. काळी दोनचा सा चार तारी बेसवर ईच्या खाली राहतो, मग ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर घ्यावा लागतो, पाच तारीवर बीच्या चौथ्या फ्रेटवर मिळतो. पुरुष गायक काळी एक, काळी दोन लै मागतात, म्हणून जयंतीच्या सीझनला मी पाच तारीच नेतो. आणि कीबोर्डवाल्या भावाला प्रेमानं सांगायचं, दादा डावा हात उचल, खालचं मी बघतो. दोघांनी खाली वाजवलं की ढोलकीची धुम पण मरते.

साऊंडवाला भला माणूस असतो पण त्याला बेस म्हणजे खालचं बटण फुल्ल एवढंच माहीत असतं. मोकळी ई तार 41 हर्ट्झची, ते बिन तेवढ्या खाली बऱ्याचदा नीट जातच नाहीत, निस्ते घुमतात. लोकांच्या कानावर जातं ते त्याच्या दुप्पट, 82 हर्ट्झ, आणि त्याच्या वरचं. म्हणून त्याला नीट बोलून खालचं कमी करायला सांग आणि मधलं, 200 ते 800 च्या भागातलं, थोडं वर घ्यायला सांग, मग मैदानाच्या टोकाला उभ्या माणसाला पण सूर कळतो. हे सगळं लवकर जाऊन कर. रात्री 10 ला स्पीकर बंद, ठरावीक दिवशीच 12 पर्यंत सूट, पाहुण्यांची भाषणं लांबली की साऊंड चेकला पाच मिनिटं पण मिळत नाहीत.

कार्यक्रम झाला की अ‍ॅक्टिव्ह बेसची केबल जॅकमधून काढ, लावलेली राहिली तर 9 व्होल्टची बॅटरी रात्रभर उतरत राहते. एक जास्तीची बॅटरी, एक केबल, जी आणि डीची एकेक सुटी तार, हे बॅगेच्या पुढच्या खिशात, म्हणजे रात्री दोनला पुढच्या गावाकडं निघताना काही शोधत बसावं लागत नाही.