जमिनीचा दावा मध्यस्थीला गेला, आता काय करायचं?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली दावा मध्यस्थीला पाठवला म्हणजे तुमची बाजू लंगडी ठरली असं नाही. मध्यस्थ निकाल देत नाही, आणि तुमच्या सहीशिवाय तडजोड होत नाही. मात्र बैठकीला स्वतः जा. नुसता वकील पाठवला तर होकार द्यायला कोणी नसतं, तारीख फुकट जाते.

गोव्यात तडजोड अडते ती बहुतेकदा सह्यांवर. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर इथल्या कौटुंबिक कायद्याने मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक असते, आणि स्थावर मालमत्ता देऊन टाकायला दोघांचीही संमती लागते. भावाने हिस्सा सोडला पण वहिनीची सही राहिली, की नवा वाद उभा. म्हणून पहिल्याच बैठकीत सगळे वारस आणि त्यांचे जोडीदार यांची यादी करा. परदेशातल्यांचं मुखत्यारपत्र लगेच मागवा.

फॉर्म १ व १४ (गोव्यातला जमिनीचा उतारा) आणि सर्व्हेचा नकाशा बरोबर न्या. ‘माडांकडची बाजू’ असलं मोघम लिहू नका. सर्व्हे व उपविभाग क्रमांक, चौरस मीटर, चतुःसीमा, वाटेची रुंदी हे सगळं लिहून नकाशा जोडा.

मध्यस्थासमोरचं बोलणं गोपनीय असतं, तेव्हा आकडे मोकळेपणाने मांडा.

शेवटी सह्या झालेली लेखी तडजोड न्यायालयापुढे ठेवून हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा निकाल ठरवणारा न्यायालयाचा लेखी आदेश, घ्या. दाव्याबाहेरची जमीन त्यात आली असेल तर हुकूमनाम्याची नोंदणी करावी लागते. कोर्ट फीच्या परताव्याची विनंतीही त्याच वेळी करा.