अल्काइनोएट एस्टरवर ग्रीन्यार अभिकर्मकाचे ताम्र-उत्प्रेरित संयोजन: ई-झेड निवड शेवटपर्यंत कशी टिकवावी

ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठात किंवा पणजी-मडगावच्या महाविद्यालयांत सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी.चा प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना त्रि-प्रतिस्थापित अल्कीन (द्विबंधावर तीन कार्बनी गट असलेले संयुग) एकाच भौमितिक रूपात मिळवण्याची गरज (द्विबंधाच्या दोन टोकांवरील अग्रक्रमाचे गट विरुद्ध बाजूंस असले तर ई, एकाच बाजूस असले तर झेड) कधी ना कधी पडतेच. टर्पिन वर्गातील संयुगे आणि कीटकांचे फेरोमोन यांत असे द्विबंध वारंवार आढळतात, आणि समघटकांचे मिश्रण हाती आले तर ते स्तंभावर वेगळे करणे बहुधा कष्टाचे ठरते. अल्काइनोएट एस्टरवर (एस्टरलगत कार्बन-कार्बन त्रिबंध असलेल्या संयुगावर) तांब्याच्या साहाय्याने ग्रीन्यार अभिकर्मक (कार्बन-मॅग्नेशियम बंध असलेले संयुग) जोडणे हा त्यावरचा चांगला मार्ग आहे. हा अभिकर्मक कोठे जोडला जाईल हे तांबे ठरवते. भूमिती मात्र थंडी ठरवते, आणि ती थंडी प्रोटॉन देण्याच्या क्षणापर्यंत टिकली पाहिजे.

तांबे नसेल तर ग्रीन्यार अभिकर्मक एस्टरच्या कार्बोनिलवर दोनदा चढतो आणि तृतीयक अल्कोहोल देतो. तांब्याच्या अल्प प्रमाणाने संयोजनाची जागा बदलते, हे खराश आणि टॉनी यांनी १९४१ मध्ये आयसोफोरोन या असंतृप्त कीटोनवर दाखवले. अल्काइनोएटवर ऑर्गॅनोक्युप्रेट (तांब्याला कार्बनी गट जोडलेला अभिकर्मक) उणे ७८ अंश सेल्सिअसला टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) या द्रावकात एकाच बाजूने, म्हणजे सिन पद्धतीने, जोडला जातो, हे १९६९ मध्ये कोरी आणि कॅट्झेनेलेनबोगेन यांनी प्रसिद्ध केले. या सिन संयोजनात अल्किल गट बीटा कार्बनवर (त्रिबंधाच्या एस्टरपासून दूरच्या टोकावर) आणि तांबे अल्फा कार्बनवर (एस्टरलगतच्या टोकावर) त्रिबंधाच्या एकाच अंगाला बसते. पुढे प्रोटॉन दिल्यावर तांब्याची जागा हायड्रोजन घेतो, त्यामुळे नवा गट त्या हायड्रोजनच्या बाजूस, म्हणजे एस्टरच्या विरुद्ध बाजूस राहतो, आणि अल्काइनवर आधीपासून असलेला गट एस्टरच्या बाजूस येतो.

यातून एक उपयुक्त मुभा मिळते. मिथाइल २-ब्युटाइनोएटवर ब्युटिल मॅग्नेशियम क्लोराइड जोडल्यास मिथाइल ३-मिथाइलहेप्ट-२-एनोएटचा ई समघटक मिळतो. मिथाइल २-हेप्टाइनोएटवर मिथाइल मॅग्नेशियम ब्रोमाइड जोडल्यास त्याच संयुगाचा झेड समघटक मिळतो. कोणता गट आधी आणि कोणता नंतर, एवढाच फरक. मात्र मिथाइल गट तांब्यावरून मंदपणे सरकतो, म्हणून दुसऱ्या मार्गाला अधिक वेळ द्यावा लागतो. पर्याय असेल तर मोठा अल्किल गटच ग्रीन्यारमधून आणावा.

अडचण मधल्या टप्प्यात आहे. अल्फा कार्बनवरील तांबे किंवा मॅग्नेशियम सरकून एस्टरच्या ऑक्सिजनवर गेले की अ‍ॅलिनोएट (सलग दोन द्विबंध असलेले रूप) तयार होते. त्यात अल्फा कार्बन सरळ रेषेत येतो, आणि पुढे मिळणारा प्रोटॉन दोन्ही बाजूंनी बसू शकतो. तापमान वाढले की हा बदल वेगाने होतो. तांबे उत्प्रेरक प्रमाणात असताना धोका आणखी वाढतो, कारण उत्प्रेरक चक्र पुढे जाण्यासाठी तांब्याने आपली जागा मॅग्नेशियमला द्यावी लागते आणि मॅग्नेशियमला ऑक्सिजनची ओढ अधिक असते. म्हणून माझा आग्रह असा की, पहिला प्रयोग पूर्ण प्रमाणातील तांब्यावर करावा (एस्टरच्या मोलच्या तुलनेत कॉपर आयोडाइड १.५ इक्विव्हॅलंट, ग्रीन्यार ३ इक्विव्हॅलंट), त्याचा एनएमआर (चुंबकीय अनुस्पंदनाचा वर्णपट) नमुना म्हणून जपून ठेवावा आणि मगच तांबे कमी करत जावे. तुलनेसाठी काहीच हाताशी नसताना थेट उत्प्रेरक पद्धतीने सुरुवात केली, तर मिश्रण नेमके कशामुळे आले हे कळत नाही.

साहित्याची तयारी गोव्यात ऋतू पाहून करावी. जून ते सप्टेंबर या काळात भट्टीतून काढलेली सिरिंज टेबलावर थंड होईपर्यंत तिच्यावर ओलावा बसतो. काचसामान रात्रभर १२० अंशांच्या वर तापवून आर्गॉन किंवा कोरड्या नायट्रोजनच्या प्रवाहातच थंड करावे. फ्लास्क थंड बाथमध्ये उतरवताना आतला वायू आकुंचन पावतो आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते, म्हणून त्या क्षणी वायूचा प्रवाह वाढवावा. सेप्टमवर साचलेले दव सुई टोचण्यापूर्वी पुसून घ्यावे. टीएचएफ सोडियम-बेंझोफिनोनवर गडद निळा रंग आल्यावरच ऊर्ध्वपातित करून वापरावे. कॉपर आयोडाइड पांढरे किंवा फिकट असावे. तपकिरी असेल तर ते पोटॅशियम आयोडाइडच्या गरम संतृप्त द्रावणात विरघळवून, पाणी घालून पुन्हा अवक्षेपित करावे, धुवावे आणि निर्वातात वाळवावे. लिथियम क्लोराइड ओलावा फार लवकर शोषते. ते निर्वातात सुमारे १४० अंशांवर काही तास तापवावे.

ग्रीन्यारच्या बाटलीवरील तीव्रतेवर विसंबू नये. मेंथॉल आणि १,१०-फिनँथ्रोलीन वापरून त्याच दिवशी टायट्रेशन करावे. ग्रीन्यार कमी पडला तर सुरुवातीचा एस्टर उरतो, जास्त झाला तर कार्बोनिलवर हल्ला होतो.

उत्प्रेरक पद्धतीत पाच मिलिमोल प्रमाणासाठी १९० मिलिग्रॅम कॉपर आयोडाइड (२० मोल टक्के) आणि ८५ मिलिग्रॅम लिथियम क्लोराइड २० मिलिलिटर टीएचएफमध्ये ढवळावे. लिथियम क्लोराइडमुळे तांब्याचा क्षार विरघळतो. द्रावण स्वच्छ झाल्यावर ४९० मिलिग्रॅम मिथाइल २-ब्युटाइनोएट घालून फ्लास्क ड्राय आइस-अ‍ॅसिटोनच्या बाथमध्ये ठेवावा आणि आतील तापमापी उणे ७५ अंशांच्या खाली गेल्याची खात्री करावी. बाथचे तापमान आणि द्रावणाचे तापमान एकच असते असे गृहीत धरू नये. मग ६.५ मिलिलिटर १ मोलर ब्युटिल मॅग्नेशियम क्लोराइड सिरिंज पंपाने पाऊण ते एका तासात थेंबथेंब सोडावे. द्रावणात मोकळा ग्रीन्यार कधीही साचू नये, हा या संथपणाचा हेतू आहे. द्रावण काळे पडू लागले तर अल्किल तांबे विघटित होत आहे, म्हणजे कोठेतरी उष्णता वाढली आहे, असे समजावे. ट्रायमिथाइलसिलिल क्लोराइड अशा अभिक्रियांचा वेग वाढवते. पण ते अ‍ॅलिनोएटला ऑक्सिजनवर पकडू शकते, म्हणून सिन उत्पाद हवा असताना ते टाळावे.

यानंतरचा टप्पा, म्हणजे प्रोटॉन देऊन अभिक्रिया थांबवणे, पुस्तकी कृतीत एका ओळीत संपतो, पण बहुतेक निवड तेथेच बिघडते. अमोनियम क्लोराइडचे जलीय द्रावण उणे ७८ अंशांच्या फ्लास्कमध्ये ओतले की ते तत्क्षणी गोठते. मध्यस्थाला प्रोटॉन मिळतच नाही. फ्लास्क तापत जातो, बर्फ वितळेपर्यंत अ‍ॅलिनोएटला भरपूर अवधी मिळतो आणि शेवटी मिश्रण हाती येते. त्याऐवजी मिथेनॉल वापरावे, कारण ते सुमारे उणे ९८ अंशांपर्यंत द्रव राहते. मिथेनॉल आणि टीएचएफ यांचे मिश्रण वेगळ्या फ्लास्कमध्ये उणे ७८ अंशांपर्यंत थंड करून कॅन्युलाने (दोन फ्लास्क जोडणाऱ्या पोकळ सुईने), अभिक्रियेच्या फ्लास्कच्या भिंतीवरून, जोरात ढवळत सोडावे आणि त्याच तापमानाला पंधरा मिनिटे थांबावे. त्यानंतरच जलीय अमोनियम क्लोराइड घालावे. टीएलसीसाठी (पातळ थरावरील वर्णलेखनासाठी) मधेच काढलेला नमुनाही सुईत तापतो, म्हणून तो थंड मिथेनॉलमध्येच सोडावा. नाहीतर त्यावरून काढलेला ई-झेडचा निष्कर्ष फसवा ठरतो.

शोधन सोपे आहे. अमोनियम क्लोराइडमध्ये थोडा अमोनिया मिसळून हवेत ढवळले की तांबे निळ्या संकुलाच्या रूपात पाण्यात जाते. इथरने निष्कर्षण करावे, मात्र एप्रिल-मेमध्ये गोव्यातील खोलीचे तापमान इथरच्या ३४.६ अंशांच्या उत्कलनबिंदूला भिडू लागते, तेव्हा विभाजक नरसाळ्यातील दाब वारंवार सोडावा. उत्पाद बाष्पशील असल्याने रोटाव्हेपरवर निर्वात बेताचाच ठेवावा. अल्काइनोएट एस्टर डोळ्यांना आणि त्वचेला झोंबतात, म्हणून सर्व काम फ्युम हूडमध्येच करावे.

प्रोटॉन एनएमआरमध्ये निकाल लगेच वाचता येतो. एस्टरच्या बाजूस असलेल्या गटाचे संकेत अधिक पीपीएमकडे सरकतात. ई समघटकात बीटा मिथाइल सुमारे २.१५ पीपीएमला, तर झेडमध्ये सुमारे १.९ पीपीएमला दिसते, आणि झेडमधील शेजारचे मिथिलीन २.६ पीपीएमच्या आसपास येते. खात्रीसाठी नोएसी (अवकाशात जवळ असलेले प्रोटॉन दाखवणारे एनएमआर) घ्यावे: ई समघटकात व्हिनाइल प्रोटॉन आणि मिथिलीन यांच्यात संबंध दिसतो. पूर्ण प्रमाणातील तांब्यावर शुद्ध ई आणि उत्प्रेरक पद्धतीत मिश्रण आले, तर आधी प्रोटॉन देण्याची रीत तपासावी, मग ग्रीन्यार सोडण्याचा वेग कमी करावा, आणि त्यानंतरही फरक पडला नाही तरच तांब्याचे प्रमाण वाढवावे.