पाठीत स्टिम्युलेटर बसवल्यावर रोजचं कसं निभवायचं

माझ्या कमरेच्या डाव्या बाजूला, कातडीखाली, साधारण काड्यापेटीएवढं एक यंत्र आहे. त्यातून निघालेल्या दोन बारीक वायरी मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला, त्याच्या आवरणाबाहेरच्या फटीत जाऊन थांबतात. मणक्याची दोन ऑपरेशनं झाली, दबलेली नस मोकळी झाली, तरी कुल्ल्यापासून डाव्या घोट्यापर्यंतची जळजळ गेली नाही. म्हणून हा स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर, म्हणजे मज्जारज्जूला विजेचे स्पंद देणारं यंत्र. त्याला आता तीन वर्षं होतील. मी शाळेत गणित शिकवते. यंत्र बसवायच्या आधी मला कुणीतरी नीट सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते आहे.

आधी अपेक्षेबद्दल. बिघाड जिथे आहे तिथेच राहतो, यंत्र फक्त मेंदूकडे जाणाऱ्या निरोपात ढवळाढवळ करतं. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी मांडलं की मज्जारज्जूत वेदनेसाठी जणू एक दार असतं आणि स्पर्शाच्या नसा चाळवल्या की ते काही अंशी मिटतं. ठेच लागली की आपण अंगठा चोळतो, ते याचसाठी. दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, नॉर्मन शीली या न्यूरोसर्जननी माणसाच्या मणक्यात विजेचे स्पंद देणारं पहिलं यंत्र बसवलं. त्यानंतर वेगवेगळ्या लहरींची यंत्रं आली आणि सगळ्यांचं काम दाराच्या या कल्पनेत बसत नाही. तरी डॉक्टरांनी ही गोष्ट समजावली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की दुखणं शून्यावर येणार नाही. निम्म्याने कमी झालं तरी यश मानतात. माझं दहापैकी आठावरून तीन-चारावर आलं. तीन-चारावर मी सलग दोन तास शिकवू शकते, आणि माझ्यासाठी हे फार मोठं आहे.

ट्रायलचे दिवस वाया घालवू नका. कायमचं यंत्र बसवण्याआधी काही दिवस, बहुतेकदा आठवडाभर, वायरी आत आणि यंत्र बाहेर कमरेच्या पट्ट्यात, असं ठेवून बघतात. माझी पहिली चूक अशी की मी दोन दिवस पडून राहिले. पडून तर मला आधीही बरं वाटायचं! तिसऱ्या दिवशी भानावर आले आणि वही काढली. किती मिनिटं उभं राहता आलं, किती चालले, रात्री कितीदा जाग आली, गोळ्या किती लागल्या, असे चारच रकाने केले. निर्णय त्या वहीवर घेतला. ‘बरं वाटतंय का?’ या प्रश्नाला दुखणाऱ्या माणसाकडे धड उत्तर नसतं, कारण आशा मध्ये येते. या दिवसांत जखमेला पाणी लागू द्यायचं नसतं, तेव्हा अंग पुसूनच भागवायचं.

कायमचं यंत्र बसल्यानंतरचे सहा ते आठ आठवडे सगळ्यात नाजूक, आणि नेमके याच काळात आपण फसतो. टाके सुकलेले असतात, दुखणं कमी झालेलं असतं, अंगात हुरूप आलेला असतो. पण आत वायरीभोवती ऊतींची पकड अजून बसायची असते. तोवर वाकायचं नाही, कंबर पिळायची नाही, जड उचलायचं नाही, हात डोक्याच्या वर न्यायचे नाहीत. मी चौथ्या आठवड्यात कपाटाच्या वरच्या फळीवरची वह्यांची पिशवी काढायला हात उंचावला. दुखलं काहीच नाही. संध्याकाळी लक्षात आलं की यंत्राच्या स्पंदांमुळे पायात येणाऱ्या मुंग्या बरगडीत येताहेत आणि पाय पुन्हा जळतोय. एक्स-रेमध्ये दिसलं, एक वायर थोडी सरकली होती. माझ्या प्रत्येक वायरीवर एकाच्या खाली एक असे आठ इलेक्ट्रोड, म्हणजे वीज सोडणारे ठिपके, आहेत. प्रोग्रॅम करणाऱ्यांनी वरचे बंद करून खालचे चालू केले आणि बरंचसं परत मिळालं. पुन्हा ऑपरेशन करावं लागलं नाही, पण काहींना करावं लागतं.

म्हणून ऑपरेशनला जाण्याआधीच घर मांडून घ्या. रोज लागणाऱ्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर आणा. पायातलं असं घ्या की वाकावं लागणार नाही. वळायचं झालं तर पावलं टाकून अख्ख्या अंगानं वळा. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली, मग हाताच्या रेट्यावर वर. मी कामावर परतल्यावर फळ्याचा फक्त मधला पट्टा वापरायचे, वरचं विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यायचे.

मुंग्यांची सवय व्हायला वेळ लागतो. मला सगळ्यात घाबरवलं ते रात्री उताणं झोपल्यावर. मुंग्या एकदम जोरात आल्या, वाटलं काहीतरी बिघडलं. तसं नसतं. उताणं झोपलं की मज्जारज्जू वायरींच्या जवळ सरकतो, मधला द्रवाचा थर पातळ होतो आणि तेवढ्याच विजेचा जोर जास्त जाणवतो. खोकला, शिंक, मागे झुकणं यांनीही होतं. यंत्राचा रिमोट उशाशी ठेवा आणि पडण्याआधीच जोर दोन-तीन पायऱ्यांनी कमी करा. काही यंत्रं स्थिती ओळखून स्वतःच जुळवून घेतात. मुंग्या न येणारे प्रोग्रॅमही असतात. माझ्या यंत्रात दोन्ही भरले आहेत आणि रात्री मी बिनमुंग्यांचाच लावते. त्याचा परिणाम लगेच कळत नाही, एक-दोन दिवस धीर धरावा लागतो. तासातासाला बटणं बदलत बसलात तर कशानं काय झालं ते तुम्हालाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही. एका वेळी एकच बदल करा आणि तो तारखेसह लिहून ठेवा. माझ्या प्रत्येक फेरतपासणीत ती वहीच बोलली.

चार्जिंगचं एवढंच: दिवस ठरवून टाका. माझं यंत्र आठवड्यातून एकदा, तासाभरात भरतं. चार्जर बरोबर यंत्रावर यायला हवा, बोटभर सरकला तरी वेळ वाढतो. तो गरम होतो, म्हणून लावून झोपी जाऊ नका. आणि बॅटरी पार उतरू देऊ नका. चार्ज न करायची यंत्रंही मिळतात, पण त्यांच्यात बॅटरी काही वर्षांतच संपते आणि छोटं ऑपरेशन करून यंत्र बदलावं लागतं.

आता जे चुकून चालणारच नाही ते. फिजिओथेरपीत शेक देण्यासाठी वापरतात ती डायथर्मी आपल्याला वर्ज्य आहे, शॉर्टवेव्ह असो, मायक्रोवेव्ह असो की अल्ट्रासाउंडचा शेक. वायरींतून उष्णता मज्जारज्जूपर्यंत पोचते आणि इजा कायमची होऊ शकते. आपला स्टिम्युलेटर बंद असला तरी धोका तसाच राहतो. गुडघ्यासाठी गेलात तरी टेबलावर पडण्याआधी सांगा. एका ठिकाणी मी सांगूनही डायथर्मीचं यंत्र माझ्याजवळ आणलं गेलं होतं. तेव्हापासून मी पुन्हा पुन्हा सांगते, समोरचा वैतागला तरी. एमआरआय सरसकट बंद नाही, पण कोणत्या मॉडेलला, शरीराच्या कोणत्या भागाचा, कोणत्या अटींवर चालतो हे ठरलेलं असतं. त्याआधी स्टिम्युलेटर एमआरआय मोडवर घ्यावा लागतो. दाताचं किंवा कुठलंही ऑपरेशन असेल, पेसमेकर बसवायचा असेल, तर आधी कळवा. विमानतळावर यंत्राचं कार्ड दाखवून हातानं तपासणी मागा. दुकानाच्या दारातल्या चोरी पकडणाऱ्या फाटकातून जाताना झटका बसू शकतो, तिथे रेंगाळू नका. मुंग्या येणारा प्रोग्रॅम चालू असताना गाडी चालवू नका. मी किल्ली फिरवण्याआधी रिमोटचं बटण दाबून तो बंद करते.

गोळ्या मनानं बंद करू नका, विशेषतः ओपिऑइड, म्हणजे अफूसारख्या तीव्र वेदनाशामक, गटातल्या. माझ्या चार महिन्यांत, थोड्या थोड्या करून उतरल्या. आणि बरं वाटलं त्या दिवशी चार दिवसांचं काम उरकू नका. इतक्या वर्षांत पाठीचे स्नायू विसरलेले असतात, त्यांना रोज दहा मिनिटं चालण्यापासूनच सुरुवात लागते.

जखम लाल झाली, सुजली, त्यातून पाणी आलं किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. ऑपरेशननंतर पाठीत अचानक तीव्र कळ आली, पायातली ताकद गेली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर सकाळची वाट न पाहता थेट इमर्जन्सीत जा. हे घरातल्या दुसऱ्या माणसालाही पाठ असू द्या. माझ्या नवऱ्यानं ही लक्षणं आणि हॉस्पिटलचा नंबर एका कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावलाय, शेजारी माझ्या यंत्राच्या कार्डाची झेरॉक्स आहे.