चष्मा काढायचाय? आधी कॉर्नियाची जाडी मोजून घ्या

"भो, लेसिक कुठे करू, नाशिकला का इंदूरला?" आमच्या जळगाव-भुसावळकडे लग्नसराई जवळ आली की हे विचारणारा कोणीतरी भेटतोच. लेसिक म्हणजे लेसरने चष्म्याचा नंबर घालवायचं ऑपरेशन. लग्न आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ठरलेलं असतं अन् त्याच्या आत चष्मा काढायचा असतो. कुठे करायचं ते सगळ्यात शेवटी ठरवा, आधी आपला डोळा लेसरला चालतो का ते बघा, कारण बऱ्याच जणांना डॉक्टर तपासून सरळ नाही म्हणतात, आणि असा नाही म्हणणारा डॉक्टर मला तरी जास्त भरवशाचा वाटतो.

वय १८ च्या पुढे पाहिजे आणि नंबर वर्षभर स्थिर पाहिजे, म्हणजे अर्ध्याच्या वर हललेला नको. जुने नंबर चष्म्याच्या दुकानातून काढून आणा, तिथे रेकॉर्ड असतं. बाई गरोदर असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर तेवढा काळ थांबायचं, हार्मोन्समुळे नंबर हलतो. लहानपणापासून ॲलर्जी आहे आणि सारखे डोळे चोळायची सवय आहे त्यांनी जास्त सावध राहा. चोळून चोळून कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पातळ होऊन पुढे टोकदार व्हायला लागतो, त्याला केराटोकोनस म्हणतात. तिथे लेसिक केलं तर नजर अजून बिघडते.

भरतीची तयारी चालू असेल तर इथेच थांबा. भुसावळ रेल्वेचं गाव, त्यामुळे घरटी एक पोरगा रेल्वेचा फॉर्म भरतो, पण असिस्टंट लोको पायलटच्या पोस्टला लेसिक झालेला उमेदवार मेडिकलमध्ये बाद होतो. आर्मी, पोलिस, बाकी पोस्ट, प्रत्येकाचे नियम वेगळे, जाहिरातीतलं मेडिकलचं पान नीट वाचा. लपवून चालत नाही, टोपोग्राफीत, म्हणजे कॉर्नियाच्या नकाशात, कळतं.

आता तपासणी. कॉन्टॅक्ट लेन्स घालत असाल तर सॉफ्ट लेन्स एक-दोन आठवडे आणि सेमीसॉफ्ट तीन आठवडे तरी आधीपासून बंद, नाहीतर मापं चुकीची येतात. दवाखान्यात कॉर्नियाचा नकाशा काढतात, टोपोग्राफी किंवा पेंटाकॅम, जाडी मोजतात, डोळा कोरडा आहे का बघतात आणि ड्रॉप टाकून डोळ्याचा मागचा पडदा, म्हणजे रेटिना, तपासतात. ड्रॉपनंतर काही तास धूसर दिसतं, उन्हाचा त्रास होतो, म्हणून गाडी चालवायला सोबत कोणीतरी न्या. मोठा मायनस नंबर असेल तर ही मागच्या पडद्याची तपासणी अजिबात टाळू नका.

जाडीचा हिशोब घरी करता येतो. कॉर्निया साधारण ५४० मायक्रॉनचा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त. लेसिकची झडप, म्हणजे कॉर्नियाचा कापून उचललेला वरचा थर, अंदाजे ११० ची, आणि एका नंबरला लेसरने ढोबळ १४ मायक्रॉन घासले जातात. मायनस ६ असेल तर ८४ अधिक ११०, म्हणजे १९४ गेले, ३४६ उरले, चांगलं आहे. पण कॉर्निया ४८० चा आणि नंबर मायनस ८ असेल तर २२२ जातात, उरतात २५८. खाली २५० तरी उरले पाहिजेत असं धरतात, पण जवळजवळ निम्मी जाडी वापरली गेली म्हटल्यावर सावध डॉक्टर लेसिक करत नाही. "माझे किती उरतील?" हे स्पष्ट विचारा, आकडा मिळायलाच पाहिजे.

आता पद्धती. पीआरके ही जुनी पद्धत. वरची पातळ साल काढून लेसर मारतात, झडप बिडप काही नाही. पातळ कॉर्निया असेल किंवा कबड्डी-कुस्ती खेळत असाल तर ही बरी, पण दोन-तीन दिवस चांगलंच दुखतं, चार-पाच दिवस पट्टीसारखी लेन्स डोळ्यात ठेवतात आणि नजर साफ व्हायला काही आठवडे लागतात. लेसिकमध्ये झडप उचलून खाली लेसर मारतात आणि ती परत बसवतात, टाका नाही, दुसऱ्या दिवशी बहुतेकांना चांगलं दिसतं. झडप ब्लेडऐवजी फेम्टो लेसरने कापली की फेम्टो लेसिक. स्माईलमध्ये आतल्या आत पातळ चकती कापून दोन-चार मिलिमीटरच्या चिरेतून ओढून काढतात, झडप नसते, कोरडेपणा थोडा कमी. प्लस नंबरला मात्र लेसिकच जास्त करतात, तेही ठरावीक नंबरापर्यंत. आणि नंबर फारच मोठा किंवा कॉर्निया पातळ असेल तर आयसीएल, म्हणजे डोळ्यातल्या नैसर्गिक लेन्सच्या पुढे एक लेन्स बसवतात. ती नंतर काढताही येते, पण खर्च सगळ्यात जास्त.

ऑपरेशन काही मिनिटांचं, ड्रॉप टाकून डोळा बधिर करतात, तुम्ही जागे असता. मधे डोळा पकडून धरतात तेव्हा काही सेकंद अंधार होऊ शकतो, घाबरू नका. केस जळाल्यासारखा वास येतो, तो लेसरचा.

खरी परीक्षा नंतर असते, त्यात आपला खान्देश. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ कडे जातो, कोरडा वारा, धूळ, जिनिंगजवळ राहत असाल तर कापसाची रूई. लेसिकनंतर काही महिने डोळे कोरडे पडतात, आणि पीआरकेनंतर कडक उन्हाने कॉर्नियावर धूसरपणा यायची भीती. म्हणून दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ बरा, आखाजीच्या लग्नासाठी करायचंच तर डिसेंबरात करा. आठवडाभर डोळ्यात पाणी नाही, महिनाभर विहिरीत पोहणं नाही, चोळणं कायमचं बंद, बाहेर गॉगल. रात्री हायवेवर ट्रकच्या लाइटभोवती सुरुवातीला वलयं दिसतात, तेवढे दिवस धुळे रोडला रात्री गाडी काढू नका. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने तपासणीला जावं लागतं, म्हणून लांबच्या शहरात करणार असाल तर येण्याजाण्याचाही हिशोब धरा.

मेडिक्लेम साधारण ७.५ पेक्षा कमी नंबरला मिळत नाही. आणि चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागतोच, लेसर केलं तरी. ऑपरेशनआधीचा नंबर आणि पेंटाकॅमचा रिपोर्ट फाईलला लावून जपून ठेवा, म्हातारपणी मोतीबिंदू काढताना आतल्या लेन्सचा नंबर ठरवायला डॉक्टरला ते कागद लागतात.