जुनी सदनिका विकत घेताना: विसारापासून सूची क्रमांक दोनपर्यंत

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेतली जुनी सदनिका घेताना बऱ्याच व्यवहारांत क्रम उलटा लागतो: घर पसंत पडते, दलाल घाई करतो, विसार दिला जातो आणि कागद नंतर मागितले जातात. पैसे अडकल्यावर कागदांतील त्रुटींकडे डोळेझाक करण्याचा मोह होतो. म्हणून विसारापूर्वीच सर्व दस्तांच्या छायाप्रती मागून घ्याव्यात, आणि विक्रेत्यानेही त्या आधीच जुळवून ठेवाव्यात.

सर्वाधिक वेळ द्यावा तो दस्तांच्या साखळीला. बिल्डरने पहिल्या खरेदीदाराला करून दिलेल्या करारापासून आजच्या विक्रेत्यापर्यंत मालकी ज्या ज्या दस्ताने हस्तांतरित झाली, तो प्रत्येक दस्त, त्यावर भरलेले मुद्रांक शुल्क, नोंदणीची पावती आणि सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयाकडून मिळणारा नोंदणीकृत दस्ताचा गोषवारा) पाहावी. मग संस्थेचे शेअर सर्टिफिकेट उलटून मागची बाजू वाचावी. तेथे प्रत्येक हस्तांतराची नोंद पदाधिकाऱ्यांच्या सहीनिशी असते, आणि ती नावे त्याच क्रमाने दस्तांत आली पाहिजेत.

हा क्रम बहुधा तुटतो तो मूळ मालकाच्या मृत्यूनंतर. वडिलांनी थोरल्या मुलाचे नामनिर्देशन केले होते, संस्थेने त्याचे नाव सर्टिफिकेटवर चढवले आणि आता तो एकटाच सदनिका विकायला निघाला, असे चित्र नेहमी दिसते. नामनिर्देशनामुळे संस्थेला व्यवहार कोणाशी करायचा हे कळते; मालकी ठरते ती मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. त्यामुळे मृत्युपत्र नसेल तर इतर वारसांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलेले असावे, नाहीतर विवाहित मुलींसह सर्व वारसांनी विक्रीच्या दस्तावर सह्या कराव्यात. ‘बहिणींची काही हरकत नाही’ या तोंडी आश्वासनावर व्यवहार पुढे नेऊ नये, मग नाते कितीही चांगले असो.

यापुढचे काम वकिलाचे. तो दुय्यम निबंधक कार्यालयातील साधारण 30 वर्षांच्या नोंदी तपासून शोध अहवाल देतो आणि वृत्तपत्रात जाहीर नोटीस काढून हरकती मागवतो. तरीही मूळ दस्त स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत, कारण ते कर्जापोटी कोणाकडे ठेवलेले असतील तर ते शोधात दिसेलच असे नाही. विक्रेत्याचे कर्ज बाकी असल्यास त्याच्या बँकेकडून थकबाकीचे पत्र घेऊन तेवढी रक्कम थेट त्याच्या कर्जखात्यात भरावी. केवळ कुलमुखत्यारपत्राने (पॉवर ऑफ ॲटर्नीने) मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे.

करारात किंमत आणि हप्त्यांबरोबरच ताब्याची तारीख, मालमत्ता कर व संस्थेची थकबाकी कोणी भरायची आणि खरेदीदाराचे कर्ज मंजूर न झाल्यास विसाराचे काय, हे स्पष्ट लिहावे. वाद उद्भवतात ते बहुधा या शेवटच्या मुद्द्यावरून. विसार 20,000 रुपये किंवा अधिक असेल तर आयकर कायद्याप्रमाणे तो रोखीने घेता येत नाही. व्यवहार 50 लाख रुपयांचा किंवा त्याहून मोठा असल्यास खरेदीदाराने एक टक्का कर कापून सरकारकडे भरायचा असतो. विक्रेता अनिवासी असेल तर नियम वेगळे आहेत आणि कपात बरीच मोठी होऊ शकते.

मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यानुसार निघणारे मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकारतात. ताबा देण्याचा उल्लेख असलेल्या करारावरही महाराष्ट्रात खरेदीखताइतकेच शुल्क लागते, त्यामुळे ‘आधी साधा करार करू, शुल्क नंतर पाहू’ हा सल्ला ऐकू नये. शुल्क सहीपूर्वी भरलेले उत्तम. सहीनंतर पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंतच मुभा असते. नोंदणीसाठी सहीपासून चार महिन्यांची मुदत आहे. त्यानंतर आणखी चार महिने मिळू शकतात, पण दंडासह.

दुय्यम निबंधकांसमोर लिहून देणार आणि लिहून घेणार यांची छायाचित्रे व अंगठ्याचे ठसे घेतले जातात. सदनिका क्रमांक, क्षेत्रफळ आणि नावांची अक्षरे दोघांनीही तेथेच वाचून घ्यावीत. नंतर चूक आढळली तर चूक दुरुस्ती पत्रासाठी विक्रेत्याला पुन्हा सहीला बोलवावे लागते, आणि पूर्ण रक्कम हाती पडलेला विक्रेता त्यासाठी सवड काढीलच असे नाही.

सूची क्रमांक दोन हाती आली की संस्थेकडे सभासदत्व हस्तांतराचा अर्ज करावा. संस्थेला हस्तांतर अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) जास्तीत जास्त 25,000 रुपये घेता येते. ‘ऐच्छिक देणगी’ या नावाखाली त्याहून अधिक मागितल्यास ती देण्याचे बंधन नाही. वीज देयक आणि मालमत्ता कराच्या नोंदीवरील नावबदल त्यानंतर यथावकाश करता येतो.